निळ्या शर्टाचा बडग्या

धर्मेंद्र साठवणेच्या धाकट्या लेकीचं बारसं झालं आणि त्याच महिन्यात त्याचे आईवडील खापरखेड्याकडचं बिऱ्हाड मोडून नागपुरात सक्करदऱ्याला त्याच्या दोन खोल्यांत राहायला आले, त्या वर्षाची ही गोष्ट. बारशाला आलेल्या बाया पाळण्याकडे कमी आणि म्हाताऱ्याकडे जास्त पाहत होत्या. गणपतराव दाराशी खुर्चीवर बसून खोकत होते, आणि खोकला आवरला की कोणाची तरी थट्टा करत होते. तिकडे राखेच्या विटा पाडणाऱ्या एका कारखान्यात त्यांची उमर गेली होती. छातीत धूळ बसली आहे, आता त्या धुळीत पाय ठेवू नका, असं डॉक्टरनं बजावलं, म्हणून लेकानं त्यांना उचलून आणलं होतं.

त्यांच्यासोबत आली खुशी. ही धर्मेंद्रची थोरली. तो ऑटो चालवायचा, बायको बर्डीच्या बाजारात कापडाच्या दुकानात उभी राहायची, म्हणून पोरगी आजी-आजोबांजवळच वाढली होती. नऊ वर्षांची. तिकडच्या शाळेत तिचा आवाज पटांगणाच्या पलीकडे जायचा म्हणे. इकडे जूनमध्ये चौथीत नाव घातलं आणि पोरीनं तोंडाला कुलूप लावलं. घरातही आबाजीशिवाय, म्हणजे आजोबांशिवाय, कोणाशी बोलत नव्हती, आणि आबाजीशी बोलायची तेही कानात.

चौथीचा वर्ग प्रीती गजभियेकडे होता. प्रीती अजून कायम झालेली नव्हती, शिक्षणसेवक म्हणून तिचं दुसरं वर्ष चालू होतं. तिच्या वर्गात शिरलं की आधी वाटायचं, चुकून भंगाराच्या दुकानात आलो. बर्डीच्या शिंप्यांकडून आणलेल्या कातरणांची पोती, बाटल्यांची झाकणं, लग्नपत्रिका, काड्यापेटीची खोकी. झाकणांवर अक्षरं लिहिलेली, पोरं ती मांडून शब्द करायची. लग्नपत्रिकांच्या मागे बेरजा. हजेरीला कोणी ‘हजर’ म्हणायचं नाही, रोज वेगळं काही. सोमवारी भाजीचं नाव, मंगळवारी जनावराचा आवाज. सौरव नावाचं एक पोरगं असं रेडकू ओरडायचं की शेजारच्या वर्गातून कोणीतरी दार लावून घ्यायचं.

खुशीचं नाव आलं की ती हात वर करायची. बस्स.

“मॅडम, मुकी आहे ते,” सौरव म्हणाला होता.

“मुकी नाही. तिचा नंबर यायचा आहे,” प्रीतीनं उत्तर दिलं होतं आणि सगळ्या वर्गासमोर खुशीला शब्द दिला होता, “तुला बोलावंसं वाटेल तेव्हाच बोल. या वर्गात कोणी तुझ्यामागे लागणार नाही. मीसुद्धा नाही.”

शब्द दिला खरा, पण प्रीतीचा जीव त्या पोरीत अडकला. तिनं कातरणांच्या बाहुल्या करून पाहिल्या, पोरं बाहुलीच्या तोंडून हवं ते बोलायची. खुशीनं बाहुलीला फक्त मान डोलवायला लावली. मग कागदी पेल्यांचा फोन केला. दोन पेले, मध्ये लांब दोरा. एक पेला कानाला, एक तोंडाला. खुशी पेला कानाला लावून तासभर ऐकत बसायची, पण तिच्या टोकाकडून कधी काही यायचं नाही. फक्त श्वास. एकदा प्रीतीला वाटलं, श्वासामागे एक शब्द आहे, आता येतो. तेवढ्यात मुख्याध्यापक सुमंत सर दारात आले.

“गजभिये मॅडम, फोन झाला असन तर पाठ घ्या. वरून माणूस आला तर मी काय दाखवू, हे पेले?”

शब्द आत गेला तो गेलाच.

ऑगस्ट संपत आला. पोळा सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते हे इथल्या पोराला शिकवावं लागत नाही. पिवळी मारबत, काळी मारबत, हे बाईचे मोठाले पुतळे, आणि त्यांच्यासोबत बडगे. बडग्या म्हणजे बांबू-कागदाचा, कापडाचा पुतळा. ज्याचा लोकांना वर्षभर ताप झाला, त्याचा बडग्या करायचा, मिरवायचा आणि गावाबाहेर नेऊन जाळायचा. इडापिडा घेऊन जा गे मारबत, अशी आरोळी द्यायची. शनिवार दप्तराविना असायचा, आनंददायी शनिवार म्हणून. प्रीतीच्या मनात आलं, हाच शनिवार साधायचा.

“प्रत्येकानं एक बडग्या करायचा,” तिनं आदल्या सोमवारी वर्गाला सांगितलं. “तुमच्या घरातून, गल्लीतून, मनातून जे जावंसं वाटतं त्याचा. घरून एक जुनं कापड आणा. शनिवारी आपण पटांगणाला फेरी मारू. आणि प्रत्येकानं आपला बडग्या काय घेऊन चालला ते मोठ्यानं सांगायचं.”

वर्ग नुसता पेटला. सौरवनं डासाचा बडग्या केला, त्याच्या बहिणीला डेंग्यू झाला होता. पायलनं भागाकाराचा केला, पोट फुगलेला, पोटावर बाकी उरलेली. साहिलनं मोबाइलचा केला. “माहे पप्पा जेवताना बी सोडत नाही मॅडम,” तो म्हणाला. प्रीतीनं या एका खेळात कितीतरी धडे बसवले होते. उंची मोजणं आलं, वर्तुळ कापणं आलं, चार वाक्यं लिहिणं आलं, उभं राहून बोलणं आलं. सुमंत सरांनीही नाही-हो करत परवानगी दिली. जाळायचं ते लोखंडी घमेल्यात, आणि शेजारी पाण्याच्या दोन बादल्या.

मंगळवारी खुशीनं पेपरात गुंडाळलेलं काहीतरी आणलं. आत निळा शर्ट होता. मोठ्या माणसाचा, खिशावर नंबर शिवलेला, कॉलर घासलेली. तिनं तो पांढऱ्या कातरणांनी भरला. बाह्या भरल्या. डोकं मडक्याएवढं केलं आणि त्याला डोळे काढले, पण तोंड काढलं नाही. इतक्या दिवसांत प्रीतीनं तिला असं कामात बुडालेलं पाहिलं नव्हतं. दात ओठावर दाबून गाठ मारायची, सोडायची, पुन्हा मारायची.

गुरुवारी प्रीती तिच्याजवळ उकिडवी बसली. “शनिवारी सांगशील याचं नाव?”

खुशीनं शर्टाच्या बटणाशी चाळा केला. मग मान हलवली. हो.

प्रीती त्या दिवशी घरी गेली ती जमिनीवरून चार बोटं वर.

शुक्रवारी शाळा सुटायच्या वेळी खुशीची आजी तिला न्यायला आली. सत्यवतीबाई रोज फाटकाबाहेर थांबायच्या. त्या दिवशी पावसाची सर आली म्हणून व्हरांड्यात चढल्या. व्हरांड्यात तारेला बडगे ओळीनं टांगले होते. डासाकडे पाहून बाई हसल्या. मोबाइलकडे पाहून हसल्या. पुढचं पाहिलं आणि हातातली छत्री खाली पडली.

“अवं माय!”

असा आवाज की स्वयंपाकघरातून कांताबाई धावत आली. ही शाळेची खिचडी करणारी. प्रीतीही बाहेर आली. सत्यवतीबाई भिंतीला टेकल्या होत्या.

“हा खुशीच्या आबाजीचा शर्ट होय. कोणी घातला याच्या अंगात? कोणी लटकवला?”

“खुशीनंच केला बडग्या,” प्रीती म्हणाली. तिला अजून काही कळलं नव्हतं. “सगळ्यांनीच...”

“जित्या माणसाचा शर्ट?” बाईंनी पुतळ्याकडे बोट केलं. “जित्या माणसाचं कापड घालून जाळणार होते तुम्ही?”

कांताबाईनं प्रीतीचा दंड धरला आणि तिला बाजूला ओढलं. “मॅडम, काय करून बसल्या वं तुम्ही? बडग्याले घरच्याचं कापड लावत नसतात. आमच्या घरी तर बोहारणीकडून आणतात, भांड्यावर गेलेलं, ज्याले धनीच नाही असं. घरच्या माणसाचं कापड जाळलं तर त्याच्या मागं लागते म्हणतात.”

“मला माहीत नव्हतं कांताबाई.”

“तुम्हाले कसं माहीत असन?” कांताबाई म्हणाली. तिनं ते टोचून म्हटलं नव्हतं, पण टोचलं.

प्रीतीच्या घरी मारबत नव्हती. तिच्या पणजोबांनी छप्पन साली दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली, त्या दिवसापासून त्या घरात इडापिडा आणि उतारे बंद झाले. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून तिनं इतवारीतून जाणारे बडगे पाहिले होते, रस्त्याच्या कडेनं. तिला आठवत होते रंग आणि आरोळ्या. कापड कुठून येतं हे रस्त्याच्या कडेनं दिसत नाही. ‘घरून एक जुनं कापड आणा’ असं ती सहज बोलून गेली होती. बाकीच्या पोरांच्या आयांनी फाटके दुपट्टे आणि उश्यांचे अभ्रे दिले, म्हणून निभावलं.

सत्यवतीबाईंनी नातीला खांद्याला धरून हलवलं. “कोणाचा बडग्या होय हा? बोल न वं! आबाजीचा केला? तुह्या आबाजीनं काय वाईट केलं तुहं?”

खुशी पुतळ्याकडे पाहत उभी राहिली. ओठ असे मिटलेले की पांढरे पडले.

तासाभरात धर्मेंद्र आला. ऑटो फाटकात आडवा लावून थेट ऑफिसात. गडी तसा मवाळ, पण त्या दिवशी त्याच्या मानेच्या शिरा दिसत होत्या.

“सर, माह्या पोरीचा दाखला काढा.”

“बसा न, धर्मेंद्रभाऊ,” सुमंत सर म्हणाले. “चहा घ्या.”

“चहा नाही पाहिजे. माहा बाप घरी खोकून राहिला. रात्रभर डोळा लागत नाही त्याचा. अन् इथं त्याचा पुतळा टांगून ठेवला. माही माय तिथं रडून राहिली.” तो प्रीतीकडे वळला. “मॅडम, ‘जे घरातून जावंसं वाटते त्याचा बडग्या करा’, असं बोलल्या का तुम्ही?”

“हो. पण माझा अर्थ...”

“मंग पोरीनं काय समजायचं? घरात खोल्या दोन. आम्ही माणसं सहा. ते समजली का आबाजी गेला म्हणजे जागा होते?” एवढं बोलून त्याचाच आवाज फाटला. तो पुढे म्हणाला, “तुम्ही तर हे मानत बी नाही. मंग आमच्या लेकराच्या हातून काहून करवून घेतलं? मजा वाटते?”

प्रीतीला ते कानशिलात बसल्यासारखं लागलं. उत्तर जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं, कारण दाराआडून खुशी पाहत होती.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “कापडाचं मला माहीत नव्हतं, मी विचारायला पाहिजे होतं. पण दादा, तिनं तुमच्या वडिलांचा बडग्या केला असं मला वाटत नाही. ती उद्या सांगणार होती. स्वतः सांगणार होती. एक दिवस द्या.”

“ते बोलतच नाही मॅडम! तीन महिने झाले, माह्याशी बोलली नाही ते. तुमच्याशी बोलणार?”

“आज दाखला निघत नाही,” सुमंत सर मध्ये पडले, “बाबू घरी गेला. उद्या सकाळी या.”

“उद्या सकाळी. तयार ठेवा,” धर्मेंद्र म्हणाला. त्यानं खुशीचा हात धरला. पोरगी चालता चालता मागे वळून तारेकडे पाहत होती, पाय फरफटत.

ऑटोचा आवाज दूर गेल्यावर सुमंत सरांनी टेबलावर हात ठेवले. “मॅडम, तो पुतळा उतरवा, शर्ट सोडवून घडी करून ठेवा. उद्या माफी मागा अन् देऊन टाका. तुमचं अजून एक वर्ष बाकी आहे. समजून राहिले न?”

समजत होतंच. पण प्रीतीला आपल्या वर्षापेक्षा दुसरंच भय वाटत होतं. खुशी एका शाळेत बोलत होती, दुसऱ्या शाळेत गप्प झाली. आता तिसऱ्या शाळेत जाईल, तेही बडग्या केला म्हणून, मनातलं दाखवलं म्हणून. मग ते कुलूप कोण उघडणार?

संध्याकाळी जेवताना तिनं बापाला सांगितलं. प्रेमानंद गजभिये निवृत्त पोस्टमन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि भाकरीचा तुकडा मोडला.

“आपण सोडलं, ते विचारानं सोडलं. पण जे आपण सोडलं, ते दुसऱ्याच्या घरी काय आहे हे माहीत असू नये, असं कोणी सांगितलं नव्हतं बेटा,” ते म्हणाले. मग वरणाची वाटी तिच्याकडे सरकवली. “जेव. उद्या उभं राहाचं आहे.”

शनिवारी प्रीती लवकर शाळेत गेली. पुतळा तारेवरून उतरवला आणि वर्गात आपल्या खुर्चीवर बसवला. शर्टाचं पहिलं बटण सोडलं. दुसऱ्यावर हात गेला आणि थांबला. हे त्या पोरीचं काम होतं, आणि तिला विचारल्याशिवाय ते मोडायचं? प्रीतीनं पहिलं बटण पुन्हा लावलं.

पोरं आली ती दबकत. काल काय झालं ते सगळ्या गल्लीला कळलं होतं. कोणी हजेरीचा खेळ मागितला नाही. सौरवसुद्धा रेडकू ओरडला नाही.

ऑटो आला. धर्मेंद्र उतरला, खुशी उतरली, सत्यवतीबाई उतरल्या. मग धर्मेंद्रनं मागच्या सीटकडे हात दिला आणि त्याच्या आधारानं गणपतराव उतरले. त्यांना यायला कोणी सांगितलं नव्हतं. पांढरा सदरा, गळ्याला मफलर. व्हरांड्याच्या पायऱ्यांवर ते दोनदा थांबले. वर्गाच्या दारात आले आणि समोर खुर्चीत बसलेला आपला शर्ट पाहिला.

म्हातारा आता बोलेल, चिडेल, की खाली बसेल?

“इथं आहे होय!” गणपतराव म्हणाले. “मी मंगळवारपासून शोधून राहिलो.”

“बाबा, पाहा काय केलं ते,” धर्मेंद्र म्हणाला.

“काय केलं? पोर होय, खेळली.” म्हातारा खुर्चीपर्यंत गेला आणि पुतळ्याच्या छातीवरची बटणं काढायला लागला. बोटं घाईघाईनं चालत होती. “शर्ट चांगला आहे अजून. चाल धर्मा, घरी चाल. दाखलाबिखला काही नको काढू.”

सुमंत सरांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. धर्मेंद्रही ढिला पडला. एक प्रीतीच म्हाताऱ्याच्या बोटांकडे पाहत होती. आपल्या नावाचा पुतळा पाहिलेल्या माणसाची ती बोटं नव्हती. त्याला पुतळ्याशी काही देणंघेणं नव्हतं, शर्ट हवा होता.

तिसरं बटण निघालं तेव्हा खुशीनं धाव घेतली. तिनं पुतळ्याला दोन्ही हातांनी मिठी मारली.

“सोड वं बेटा.”

खुशीनं मान हलवली. नाही.

“सोड म्हणतो न!” म्हाताऱ्यानं ओढलं, तिनं ओढलं, बाहीची शिवण टरकन उसवली आणि पांढरी कातरणं फरशीवर सांडली. ओढण्यानं गणपतरावांना खोकला लागला. असा लागला की ते टेबलाला धरून वाकले. सत्यवतीबाई पाठ चोळायला धावल्या. धर्मेंद्रनं खुशीला मागे खेचलं. “पाहा! तुह्यापायी! आता तरी बोलशील का? काय पाहिजे तुले?”

“तिला विचारू नका,” प्रीती म्हणाली. “तिला मी शब्द दिला आहे.”

“मॅडम, तुम्ही बाजूले व्हा.”

“नाही होत.”

खुशी बापाच्या हातातून सुटली. पण दाराकडे पळाली नाही. ती कपाटाकडे गेली, आणि पेल्यांचा फोन काढला. एक पेला स्वतःजवळ ठेवला, दुसरा बापाच्या हातात दिला.

धर्मेंद्र पेला धरून उभा राहिला. त्याला काय करावं कळेना. “हे काय होय?”

“कानाला लावा,” प्रीती म्हणाली. “अन् मागे सरका. दोरा ढिला असला की ऐकू येत नाही.”

तो सरकला. आणखी सरकला. पाठ फळ्याला टेकली. दोरा ताठ झाला. खुशीनं पेल्यात तोंड घातलं. आधी नुसता श्वास आला. मग ती बोलली. पेल्यात बोलली, पण वर्ग असा गप्प होता की शेवटच्या बाकावरच्या पोरालाही ऐकू गेलं.

“आबाजी पोळा झाल्यावर ड्युटीवर जाऊन राहिले. शर्ट नसला तर गेटातून आत घेत नाही.”

धर्मेंद्रनं पेला कानावरून काढला नाही.

“मी कोणालेच नाही सांगितलं,” पेल्यातून आवाज आला. “आबाजीनं सांगितलं होतं, कोणाशी बोलू नको. म्हणून मी कोणाशीच नाही बोलली. हा आबाजीचा नोहे. ड्युटीचा बडग्या होय.”

म्हाताऱ्याचा खोकला थांबला होता. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. पोरांच्या बुटक्या बाकावर ते बसले, गुडघे छातीशी आले.

“बाबा?” धर्मेंद्र म्हणाला.

“ठेकेदाराचा फोन आला होता. मुकादमी देतो म्हणाला. पोळ्यानंतर ये म्हणाला.”

“डॉक्टर काय बोलला होता?”

“डॉक्टर सोता रोज ड्युटीवर जाते. अन् मले घरी बस म्हणते.” कोणी हसलं नाही. गणपतरावांनी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. “बसून खायाची सवय नाही गा मले. सकाळी तू जातं, सून जाते. मी त्या खुर्चीत बसतो अन् येणाऱ्या-जाणाऱ्याले दिसतो. आम्ही इकडं येत होतो त्या दिवशी खुशी रडून राहिली होती, तिकडंच राहाचं म्हणून. तर मी हिले सांगितलं, मी जातो पोळ्याले परत, पण बोलू नको कोणाजवळ, नाही तर मले कोणी जाऊ देणार नाही.” त्यांनी नातीकडे पाहिलं. “मले काय माहीत बेटा, तू तोंडच बंद करशील म्हणून?”

खुशीनं पेला तोंडाशीच धरला होता. त्यातूनच म्हणाली, “बोलली असती तर निघून गेलं असतं तोंडातून.”

सत्यवतीबाईंनी पदर डोळ्यांना लावला, पण त्यांचं लक्ष पुतळ्याकडेच होतं. “ते सगळं खरं. पण हे जाळायचं नाही. कापड याचं होय. मी जाळू देणार नाही.”

त्यांचं म्हणणं कोणाला खोडता येईना. इथे प्रीतीचं काम नव्हतं.

गणपतराव बाकावरून उठले. मग दाराकडे वळून त्यांनी गळा साफ केला. दारात कांताबाई उभी होती, हातात खिचडीचा झारा.

“कांताबाई, बोहारीण होतं का वं थोडा वेळ?”

“काय?”

“शर्ट घे. भांडं दे. मंग हा माहा नाही, कोणाचाच नाही. मंग जाळा.”

कांताबाईनं शर्टाकडे पाहिलं. मग झारा कमरेला खोचला आणि पुढे येऊन शर्टाची कॉलर बोटांनी चाचपली, अगदी बोहारीण चाचपते तशी. “कॉलर घासली, काका. बाही उसवली.”

“ते आत्ता उसवली.”

“उसवली म्हणजे उसवली. याच्यावर वाटी नाही येत. चमचा देतो.”

“एवढ्या वर्षांचा शर्ट अन् चमचा?”

“घ्याचा असन तर घ्या. नाही तर पुढच्या गल्लीत जातो मी.”

पहिल्यांदा पायल हसली. मग सौरव, मग सगळा वर्ग. गणपतरावांनी हात पुढे केला. कांताबाईनं स्वयंपाकघरातला स्टीलचा चमचा आणून त्या हातात ठेवला. त्यांनी तो उलटून पाहिला, खिशात घातला आणि शर्टाकडे पाठ केली.

“झालं. माहा नाही,” ते म्हणाले. “सत्यवती, आता बोल.”

सत्यवतीबाई पुतळ्यापासून बाजूला सरकल्या. नाही म्हणाल्या नाहीत.

फेरी निघाली. डास पुढे, भागाकार, मोबाइल, आणि सगळ्यांच्या मागे निळा शर्ट. तो खुशीनं एका बाजूनं धरला होता आणि धर्मेंद्रनं दुसऱ्या. पटांगणाच्या कोपऱ्यात घमेलं होतं, दोन बादल्या होत्या, आणि बादल्यांजवळ सुमंत सर स्वतः. प्रत्येक पोर आपल्या बडग्याचं नाव सांगत गेलं. खुशीचा नंबर आला. प्रीतीनं तिला पेला दिला. तिनं तो घेतला नाही.

“आबाजीची ड्युटी घेऊन जा गे मारबत!”

तो आवाज पटांगणाच्या पलीकडे गेला. रस्त्यावरचा भाजीवाला गाडी थांबवून पाहायला लागला.

गणपतराव परत कारखान्यात गेले नाहीत. पण खुर्चीतही बसले नाहीत. त्या पुढच्या शनिवारपासून ते शाळेच्या व्हरांड्यात यायला लागले. ओल्या मातीच्या बोटभर विटा पाडून द्यायचे. चौथीची पोरं त्या विटांच्या दहा-दहाच्या ओळी लावून दशक-शतक मांडायची, आणि ओळ वाकडी लागली की म्हातारा चमच्यानं बाक वाजवायचा. ओली माती उडत नाही, म्हणून प्रीतीनं ते चालू दिलं. खोकला मात्र गेला नाही. दिवाळीनंतर तो वाढला आणि ते येईनासे झाले.

जानेवारीत म्हातारा गेल्याचं कळलं तेव्हा गल्लीत कुजबुज झाली. शर्ट जाळला होता, आठवते का? प्रीतीच्या कानावर ते आलं. तेरवी झाल्यावर धर्मेंद्रचा ऑटो फाटकात उभा राहिलेला तिला दिसला तेव्हा हातातला खडू तिनं घट्ट धरला. तो खुशीला घेऊन व्हरांड्यात आला. डोकं भादरलेलं.

“मॅडम, लोक बोलून राहिले काहीबाही. माय बी बोलते कधी कधी.” त्यानं वर्गात पाहिलं, विटांच्या ओळीकडे. “कोणी तुमच्यापाशी बोललं, तर माह्याकडे पाठवा.”

मग त्यानं खुशीचं दप्तर तिच्या हाती दिलं आणि तो ऑटोकडे गेला. हजेरी चालू होती. त्या दिवशी पक्ष्याचं नाव होतं.

“भारद्वाज,” खुशी म्हणाली, आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

गणपतराव साठवणे १९ जानेवारी २०२५ रोजी, रविवारी सकाळी, सक्करदऱ्याला लेकाच्या घरी वारले.